मदत हवी आहे: स्पेल्लोच्या फुलगालिच्यासाठी पाकळ्या टिकवायच्या कशा?

कॉर्पस क्रिस्ती या ख्रिस्ती सणाला इटलीतल्या स्पेल्लो गावात शनिवारी रात्रभर गल्ल्यांतून फुलांचे गालिचे घालतात. रविवारी पवित्र साक्रामेंताची, म्हणजे चर्चमधल्या पवित्र भाकरीची, मिरवणूक त्यांवरून जाते. गटाने ३ बाय ४ मीटरचा भाग आणि त्याच्या पाकळ्यांची जबाबदारी माझ्याकडे दिली आहे. शुक्रवारी खुडलेली जिनेस्त्रा या रानझुडपाची पिवळी फुलं शनिवारी संध्याकाळी क्रेटच्या तळाशी तपकिरी झालेली असतात. लाल पॉपीची (रानखसखशीच्या फुलांची) गत त्याहून वाईट. पाकळ्या किती लागतील? डिंक चालत नाही, मग वाऱ्याचं काय?

प्रतिसाद १
क्रेट खोल आहे, हेच कारण. खुडलेली फुलं श्वसन करत राहतात, ढिगाच्या पोटात उष्णता आणि ओल कोंडते. हात घालून बघा, मध्यभाग कोमट लागेल. उथळ ट्रेमध्ये चार बोटं थर, खाली सुती कापड, जागा थंड आणि अंधारी. प्लास्टिकची पिशवी नकोच. रोमजवळच्या जेन्झानो गावात १७७८पासून फुलगालिच्यांची परंपरा आहे, तिथे खुडलेल्या पाकळ्या थंड भुयारांत ठेवतात ते याचसाठी.
पॉपी साठवायच्या भानगडीत पडू नका. पाकळी कागदाहून पातळ, सुकली की जांभळट काळी. शेवटच्या दिवशी खुडा, नाहीतर लालसाठी कार्नेशन घ्या.

प्रतिसाद २
हिशोब सोपा: १ चौ. मी.वर १ सेंमी थर म्हणजे १० लिटर. तुमचे १२ चौ. मी., म्हणजे १२० लिटर. पाकळ्या दबतात, म्हणून दीडपट, १८० लिटर धरा. हा आकडा रंगवार वाटून घ्या. पार्श्वभूमीचा रंगच निम्म्याहून जास्त खातो आणि पहाटे नेमका तोच संपतो.
चेहरा, बोटं असं बारीक काम अख्ख्या पाकळीने होत नाही. वाळवून कुटलेली पूड चाळून घ्या, रांगोळीसारखी चिमटीने सोडा. आधी मधला भाग, मग कडा, म्हणजे गुडघे भरलेल्या जागेवर येत नाहीत.
वाऱ्यासाठी भाग पूर्ण झाला की पाण्याचा धुक्यासारखा फवारा, हातभर उंचीवरून. थेंब दिसले तर जास्त झालं: पांढरी पाकळी पारदर्शक होते आणि खालचा दगड दिसतो.

धागाकर्ता
काळ्या रेषांना काय वापरू? हिरव्याला रानबडीशेप आहे.

प्रतिसाद २
वापरलेली कॉफीपूड, पण पूर्ण वाळवून. ओली राहिली तर शेजारच्या पांढऱ्यात डाग उतरतो. आणि प्रत्येक रंगाचा एक ट्रे राखून ठेवा. रात्री कामावर घातलेला ताडपत्रीचा मांडव काढताना तिची कड कुठेतरी फरफटतेच, ती जागा मिरवणुकीआधी भरावी लागते.