मदत हवी आहे: सिगारेट सोडल्यापासून धडधड वाढली

चातक: नऊ दिवस झाले, एकही ओढली नाही. सगळे म्हणायचे, सोडलीस की शांत वाटेल. इथे उलटंच. पहाटे चारला धडधडून जाग येते, साधा फोन वाजला तरी दचकतो, हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे जातो. टेन्शन घालवायलाच तर ओढत होतो! लवकर सांगा, उद्या मीटिंग आहे.

अण्णा_६४: दिवसाला किती? वय? गोळ्या चालू आहेत?

रानफूल: मी २०११ला एका झटक्यात सोडली. पाकीट थेट नाल्यात. मन घट्ट कर, बाकी नाटकं.

अण्णा_६४: मन घट्ट करून धडधड थांबते होय? रक्तातलं निकोटीन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं, मग जीव कासावीस होतो, पुढची ओढली की बरं वाटतं. चातक, तुझं निम्मं टेन्शन सिगारेटनेच लावलेलं. पहिला आठवडा वाईट, मग तीन-चार आठवड्यांत ओसरतं. छातीत दुखत असेल, दम लागत असेल तर मात्र आधी ईसीजी काढ.

कोकणकडा: ओवा-बडीशेप भाजून खिशात ठेव. नाहीतर व्हेप, म्हणजे ई-सिगारेट घे.

मीनल: व्हेपवर २०१९ पासून बंदी आहे, काहीही काय सांगता!

फुरसतराव: दातांचे डाग काढायचे तर महिनाभर थांब.

चातक: दातांचं कोणी विचारलं? पंधरा ओढायचो, वय ३४, गोळ्या नाहीत. दुखत नाही, नुसती धडधड.

मीनल: चहा-कॉफी किती?

चातक: सिगारेटच्या वेळी आता टपरीवर नुसता कटिंग, वर मशीनची कॉफी. आठेक कप. त्याचा काय संबंध?

मीनल: तिथेच तर घोळ आहे. सिगारेटच्या धुरामुळे यकृत कॅफीन झपाट्याने संपवतं. सिगारेट सुटली की तेवढ्याच कपांत कॅफीन जवळजवळ दुप्पट साठतं. कप निम्मे कर, दुपारनंतर बंद. निकोटीन गमचं डॉक्टरांना विचार. घेतलास तर चघळून गालात दाबून ठेवायचा, चहाबरोबर नाही. पाकिटावरचा तंबाखू सोडायला मदत करणारा नंबर, १८००-११-२३५६, फुकट आहे, फोन लाव.

रानफूल: म्हणजे एक व्यसन सोडून दुसरं.

अण्णा_६४: आणि तू जेवल्यावर तंबाखू मळतोस ते?

रानफूल: ते वेगळं.

चातक: मोजले. सकाळपासून सात. आठवा आत्ताच बेसिनमध्ये ओतला. रविवारी डॉक्टर कुठे मिळणार पण?

अण्णा_६४: गाव कुठलं तुझं?