टाकी वाहिल्यानंतरचे मेसेज

सेक्रेटरी (सकाळी ८.१०): प्लंबर बघून गेला. रात्री ग्रुपवर ‘नवीन भाडेकरूने पंप चालू ठेवला’ असं आलं होतं, पण पंप कोणीही चालू ठेवला नव्हता. फ्लोट स्विच अडकला होता, म्हणून टाकी भरूनही पंप बंद झाला नाही.

बी-२०२: हा मेसेज डिलीट केला गेला

सी-१०४: हा मेसेज डिलीट केला गेला

बी-३०३: आता डिलीट करून काय उपयोग? रात्रीच सगळ्यांनी वाचलंय. ‘नवीन भाडेकरू’ म्हटलं की अख्ख्या सोसायटीत एकच घर आहे, नाव घ्यायची गरजच नव्हती.

ए-३०१ टीचर: बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या १८व्या अध्यायात दोन वचनं जवळजवळ आहेत. १३वं सांगतं, ऐकून घेण्याआधी उत्तर देणं हा मूर्खपणा. १७वं सांगतं, आधी बाजू मांडणारा खरा वाटतो, जोवर दुसरा येऊन त्याची उलटतपासणी करत नाही. काल दुसऱ्या बाजूला कोणी विचारलंच नाही. मीसुद्धा रात्री त्या मेसेजला अंगठा दिला होता.

बी-३०३: टीचर, तुम्ही पण? 😄

ए-३०१ टीचर: मी पण. त्याच अध्यायातलं ८वं वचन म्हणतं, चहाडखोराचे शब्द चविष्ट घासासारखे थेट पोटात उतरतात. माझ्याही उतरले.

ए-१०१ तांडेल काका: म्हणजे गजाल ही तळलेल्या बांगड्यासारखी. जेवान झाला तरी आणखी एक होयोच.

बी-२०२: ठीक आहे, चुकलं माझं. पण म्हणून उद्यापासून तक्रारच करायची नाही का? त्याच पुस्तकात ३१:८ ला आहे, मुक्यांसाठी तोंड उघड. आत्ताच शोधलं.

ए-३०१ टीचर: बरोबर शोधलंस बाबा. लमुएल राजाला त्याच्या आईने शिकवलेलं आहे ते. पण काल मुकी बाजू कोणाची होती? ती पोरगी नाइट ड्युटीला होती, फोन लॉकरमध्ये.

सी-१०४: टीचर, ते जिभेचं आणि जहाजाचं कुठे आहे?

ए-३०१ टीचर: बायबलमधलंच याकोबाचं पत्र, ३रा अध्याय. एवढं मोठं तारू, वारा जोराचा, तरी छोटंसं सुकाणू त्याला सुकाणूवाल्याच्या मनाप्रमाणे वळवतं. जीभही तेवढीच लहान. पुढच्याच ओळीत ठिणगी आणि पेटलेलं रान आहे. मात्र त्या अध्यायाची सुरुवातच ‘तुमच्यापैकी पुष्कळांनी शिक्षक होऊ नये, आपला न्याय अधिक कडक होईल’ अशी आहे, तेव्हा मी इथेच थांबते.

ए-१०१ तांडेल काका: थांबू नकात. माका ह्या सुकाणवाचा आवाडला. बोट शाकारून ठेवलेली आसा, म्हणान वेळ पण आसा. सुकाणू बोटीक थांबवणा नाय, वळवता. आणि बोट उभी असली तर कितीय फिरवा, काय होवचा नाय, पाणी धावूक होया. म्हणजे गप रवा असा तो सांगणा नाय. बोला, पण खडप खंय आसा ता आधी बघा. रात्री बी-२०२ न बोट सरळ खडपार घातल्यान.

सेक्रेटरी: फ्लोटचे पैसे मेन्टेनन्समधून. विषय संपला.

बी-२०२: विषय संपला नाही. मी वर जाऊन ताईंची माफी मागतो. ग्रुपवर नको.

बी-३०३: आत्ता जाऊ नको रे, नाइट करून झोपल्या असतील. आणि बेल तर अजिबात मारू नको.