शब्दचर्चा : ‘साताऱ्याला’मधला मूळ शब्द कोणता?

पोवईनाका :
मुलगा चौथीत आहे. सरावाला ‘मूळ शब्द लिहा’ असा प्रश्न होता : साताऱ्याला, फळ्यावर, म्हशीने, पैशाचा. त्याने लिहिलं साताऱ्या, फळ्या, म्हशी, पैशा. चारही चूक. आता तो हटून बसलाय, ‘ला काढ, वर काढ, ने काढ, असंच शिकवलंय. मी काढलं!’ वर आणखी शंका, की ‘साताऱ्याला’ म्हणायचं तर मामाला ‘माम्याला’ का म्हणत नाही? विभक्तीचा तक्ता पाठ करून घेऊ का? कसं समजवावं?

खडूफळा, सांगली :
ताई, पोराने सांगितलं तसं केलं. सांगण्यातच खोट आहे. प्रत्यय काढल्यावर जे उरतं ते सामान्यरूप. प्रत्यय चिकटण्याआधी शब्द स्वतःला थोडा वाकवून घेतो, ते वाकलेलं रूप. मूळ शब्द म्हणजे तोच शब्द एकटा असताना जसा बोलतो तसा. म्हणून मी मुलांना कापायला कधी सांगत नाही. शब्दामागे ‘हा, ही, हे’ लावून बोलायला सांगतो. हा फळा. ही म्हैस. हा पैसा. ‘ही म्हशी’ कुठलंही पोर म्हणणार नाही, तोंडच वळत नाही. व्याकरण त्याला येतंच, फक्त आपल्याला येतं हे त्याला ठाऊक नसतं.

उदाहरणं पुस्तकाबाहेरची घ्या. आमच्याकडे मार्केट यार्डातल्या मालावर निम्मं सामान्यरूप शिकवून होतं. बेदाणा, पण बेदाण्याचे सौदे. ऊस, पण उसाचा दर. गूळ, गुळाची ढेप. हळद, हळदीचं पोतं. द्राक्ष, द्राक्षाची पेटी. मुलं आधी पटापट बोलतात, मग लिहितात, आणि लिहिताना कळतं की बेदाण्याच्या शेवटी ‘या’ आला, उसाचा दीर्घ ऊ ऱ्हस्व झाला. नियम त्यांच्याच तोंडून निघतो. एकदा एका पोरीने विचारलं, गव्हाची चपाती, तर शाळवाची भाकरी का नाही? आमच्याकडे शाळूचीच म्हणतात. असा प्रश्न आला की तास सार्थकी लागला समजावं. गहू बदलतो, शाळू बदलत नाही, दोन्ही वहीत लिहून ठेवा. सगळ्याला कारण द्यायलाच पाहिजे असं नाही.

कृष्णाकाठ :
खडूफळा सर, मिरजेचं काय? हळद–हळदीला, मग मिरज–मिरजेला कसं?

खडूफळा, सांगली :
चांगलं धरलंत. स्त्रीलिंगी, शेवटी अ असलेल्या शब्दाचं अनेकवचन करून बघायचं. भिंत–भिंती, म्हणून भिंतीला. म्हैस–म्हशी, म्हणून म्हशीला. वीट–विटा, म्हणून विटेला. जीभ–जिभा, जिभेला. अनेकवचन ई असेल तर सामान्यरूप ई, अनेकवचन आ असेल तर ए. बहुतेक शब्द यात बसतात. मिरजेचं अनेकवचन कोणी करत नाही, पण गाव विटेच्या रांगेतलं.

जुना मास्तर, कराड :
हे सगळं छान, पण शिष्यवृत्ती परीक्षेला तक्ताच विचारतात. ‘स ला ते, स ला ना ते’ पाठ नसेल तर मुलगा काय लिहिणार?

खडूफळा, सांगली :
मास्तर, तक्त्याला माझा विरोध नाही, त्याच्या जागेला आहे. तो शेवटी यावा. आठ विभक्तींची चौकट संस्कृतातून आलेली, दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं व्याकरण १८३६ सालचं, तेव्हापासून मराठी व्याकरणात ती रुळली. त्यातला ‘ते’ आज बाजारात, शेतात, घरात कोण म्हणतं? जुन्या कवितेत भेटेल. आठ वर्षांच्या पोराने तो का घोकायचा? शिवाय तक्त्यात द्वितीयेला ‘ला’ आणि चतुर्थीलाही ‘ला’. ओळखायचं कसं, तर वाक्यातल्या कामावरून. ते काम कळेपर्यंत पोपटपंचीच. आधी वाक्यं, मग तक्ता.

हळदीपेठ :
आमच्या वाडीवरची पोरं ‘पोरास्नी’, ‘मिरजंला’, ‘शाळंत’ म्हणतात. बाईंनी चूक म्हणून लाल रेघ मारली की ती बोलायचीच बंद होतात. वास्तविक ‘स्नी’ हा अनेकवचनी प्रत्ययच आहे की, प्रमाणभाषेतल्या ‘ना’च्या जागी. पोरास्नी–पोरांना, शाळंत–शाळेत अशी जोडी फळ्यावर शेजारी शेजारी मांडली तर पोरगं दोन्ही शिकेल.

पोवईनाका :
हे पटलं. साताऱ्यात ‘आमास्नी’ रोज कानावर पडतं. आता लिहिण्याचं सांगा. मुलगा ‘सातार्याला’ असं रफार देऊन लिहितो.

वाईचा घाट :
रफार नको, चंद्रकोरीसारखा ऱ हवा. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या, ‘दर्या’ म्हणजे समुद्र. ‘आचाऱ्यांना बोलवा’ म्हटलं की स्वयंपाकी येतील, ‘आचार्यांना बोलवा’ म्हटलं की गुरुजी. मूळ शब्द आचारी, सातारा, बिचारा असा असेल तर सामान्यरूपात चंद्रकोर. आचार्य, कार्य, सूर्य यांच्या मुळातच रफार आहे, तो तिथेच राहतो. म्हणजे मूळ शब्द कळला की लेखनही आपोआप सुटतं.

कृष्णाकाठ :
क्रियापदांचा धातू कसा काढायचा तेही कोणी सांगा. ‘गेला’चा धातू धाकटी ‘गे’ म्हणते.

खडूफळा, सांगली :
हुकूम सोडायला लावा! ‘तू काय कर?’ गेला–जा. आला–ये. केला–कर. प्यायला–पी. हुकमाचं एकेरी रूप तोच बहुतेक वेळा धातू. खेळ म्हणून पाच मिनिटं घेतलं की वर्ग डोक्यावर घेतात.

जुना मास्तर, कराड :
तिथे एक फट आहे. पाहणे, राहणे, वाहणे. धातू पाह, राह, वाह, हुकूम मात्र पाहा, राहा, वाहा. निम्मे लोक ‘रहा’ लिहितात ते वेगळंच. या तिघांना ‘णे’ची वाट बरी. आधी ‘राहणे’ म्हणवून घ्यायचं आणि मग ‘णे’ काढायचा.

खडूफळा, सांगली :
मान्य. आणि ताई, मामाचं राहिलंच. शेवटी आ असलेले पुल्लिंगी शब्द बहुधा ‘या’ घेतात : फळ्याला, विट्याला, मेढ्याला, शिराळ्याला. पण नात्यातली मंडळी या नियमाला जुमानत नाहीत. मामाला, काकाला, दादाला, आजोबांना. घोडा बदलतो, मामा बदलत नाही. उलट शेवटी अ असलेली गावंही पुष्कळदा तशीच राहतात. ‘गडाला पायऱ्या’ म्हणतो, पण ‘कराडला’ जातो, ‘कराडाला’ कोणी जात नाही. मुलाला सांगा, दिवाळीत मामाकडे जाताना एसटी स्टँडवरच्या पाट्या वाच आणि प्रत्येक गावाला ‘ला’ लाव. बदलणारी गावं एका बाजूला, न बदलणारी दुसऱ्या बाजूला लिही. फलटण, वडूज, खंडाळा, पुणे, तासगाव, लोणंद, विटा. पाटण येईपर्यंत वही भरेल.