भाडेनियंत्रण कायदा बदलला, तरी दक्षिण मुंबईतल्या जुन्या इमारती अडकलेल्याच का?

अर्थार्थी (प्रश्न)
राजकीय व्यवस्थेची घडण आर्थिक विकासाला कसं वळण लावते, या विषयात मुंबईचा 1947 चा भाडेनियंत्रण कायदा हमखास येतो: भाडी गोठली, मालकांनी दुरुस्ती सोडली, इमारती मोडकळीला आल्या. पण 31 मार्च 2000 पासून नवा कायदा लागू आहे. मग गिरगाव, काळबादेवी, लालबागच्या इमारती अजून तशाच का? नेमकं कुठे अडलंय?

फोर्टकर
कायदा बदलला, पण सगळ्यांसाठी नाही. 1947 च्या कायद्याने जुन्या इमारतींची भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधली. तो मुदतीचा कायदा होता आणि विधिमंडळ त्याला मुदतवाढ देत राहिलं. माझ्या मते दुखणं इथेच आहे. मुदतवाढीला छोटंसं दुरुस्ती विधेयक पुरतं. भाडी वाढवायची, तर प्रत्येक मतदारसंघातल्या भाडेकरूंचा रोष पत्करावा लागतो, आणि घरमालकांची मतं मूठभर. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1997 मध्ये प्रमाण भाड्याच्या (म्हणजे कायद्याने ठरवलेल्या कमाल भाड्याच्या) तरतुदी आता अवाजवी झाल्याचं स्पष्ट सांगितलं, पण कायद्याची मुदत मार्च 1998 मध्ये संपत होती म्हणून त्या रद्द केल्या नाहीत. त्यानंतरही मुदत वाढली, आणि मग 1999 चा कायदा आला.

या नव्या कायद्यात जुन्या निवासी भाडेकरूंचं संरक्षण वारसांसकट टिकलं. भाडेवाढ वर्षाला 4 टक्के. चक्रवाढ धरली तरी 100 रुपयांचे 25 वर्षांत सुमारे 267 होतात. त्यातून कुजलेल्या तुळया बदलून होत नाहीत. बँका, सरकारी कंपन्या आणि 1 कोटी किंवा त्याहून जास्त भरणा झालेलं भांडवल असलेल्या कंपन्या मात्र संरक्षणाबाहेर काढल्या. त्यामुळे तळमजल्यावरच्या बँकेकडून मालक बाजारभावाने भाडं मागू शकतो, वरच्या बिऱ्हाडाकडून नाही. इमारत एक, मालक एक, फक्त कायद्याची रेघ मधून गेलेली. तुमच्या विषयाला याहून चांगला पुरावा मिळणं अवघड.

नोंदणीकृत
याच कायद्यात दुसरी तुलनाही आहे: लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती घर वापरायची परवानगी. कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. मुदत संपूनही घर सोडलं नाही, तर कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. समोरच्याने समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन बाजू मांडण्याची परवानगी मागितली नाही, तर मालकाचं म्हणणं मान्य झाल्यासारखंच होतं. मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट शुल्काची तरतूद आहे. नेहमीची चूक म्हणजे करार नोंदवायचा राहतो. मग अटींबाबत वाद झाला की राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं. घर परत मिळण्याची खात्री असल्यामुळेच लोक रिकामे फ्लॅट भाड्याने देतात.

मेघना_दादर
भाडं हा अर्धाच भाग झाला. पागडीत, म्हणजे भाडेहक्कासाठी एकरकमी पैसे देऊन जुजबी भाड्यावर राहायच्या पद्धतीत, मालकाची खरी कमाई भाड्यात नसते, भाडेहक्क हस्तांतरित होताना मिळणाऱ्या वाट्यात असते. 1999 च्या कायद्याच्या कलम 56 ने ही देवघेव कायदेशीर केली. त्यामुळे मालकाला इमारत आहे तशी ठेवणंही परवडतं, आणि भाडेकरूला स्वतःच्या नावावर नसलेल्या भिंतीवर खर्च करायचा नसतो.

सरकारने दुरुस्तीसाठी 1969 मध्ये कायदा करून उपकर लावला आणि दुरुस्ती मंडळ नेमलं, म्हणून या ‘उपकरप्राप्त’ इमारती. सप्टेंबर 1940 पूर्वीच्या अ वर्गात, 1950 अखेरपर्यंतच्या ब, सप्टेंबर 1969 पर्यंतच्या क. पुनर्विकास मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या 33(7) खाली होतो: 51 टक्के भाडेकरूंची संमती आणि 3 एफएसआय (भूखंडाच्या तिप्पट बांधकाम), किंवा भाडेकरूंच्या पुनर्वसनाचं क्षेत्र अधिक विकायला मिळणारं प्रोत्साहन क्षेत्र, यातलं जे जास्त असेल ते. अडतं ते छोट्या भूखंडावर. भाडेकरू दाटीवाटीचे, प्रत्येकाला किमान 300 चौरस फूट द्यायचे, मग विकायला उरतं काय? त्यात मालकांचे वारस विखुरलेले.

म्हाडा कायद्यात 1986 मध्ये प्रकरण 8-अ आलं: 70 टक्के रहिवाशांनी मागणी केली, तर मासिक भाड्याच्या 100 पट देऊन इमारत संपादित करता येईल. त्याविरुद्ध मालक 1992 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. राज्यघटनेच्या कलम 39(ब) मधल्या ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’त खाजगी मालमत्ता येते का, या मूळ प्रश्नावर 9 न्यायमूर्तींचा निकाल आला 5 नोव्हेंबर 2024 ला: प्रत्येक खाजगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती ठरत नाही. मालकी कोणाची राहणार हेच 32 वर्षं टांगणीला असताना तिथे भांडवल कोण गुंतवणार? रहिवासी मात्र टेकू लावलेल्या जिन्यावरून रोज ये-जा करत राहिले, आणि हे फार वाईट आहे.

अर्थार्थी
मनापासून आभार. महापालिकेच्या उत्पन्नावर याचा परिणाम झाला का?

फोर्टकर
थेट झाला. मालमत्ता कर पूर्वी करयोग्य मूल्यावर, म्हणजे वाजवी वार्षिक भाड्यावर होता, आणि नियंत्रित इमारतीत ते भाडं प्रमाण भाड्याच्या वर धरता येत नव्हतं. भाडं गोठलं तसा करही गोठला. शहराच्या सर्वांत महागड्या जमिनीवरच्या जुन्या इमारती कमी कर भरत आणि नव्या उपनगरी इमारती तुलनेने जास्त. 1 एप्रिल 2010 पासून भांडवली मूल्यावर कर आला. 2022 पासून 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ झाला. जकात 1 जुलै 2017 ला जीएसटीमुळे गेली, तिच्या बदल्यात राज्य सरकार भरपाई देतं. म्हणून आकडे काढताना 2010 आधीचे आणि नंतरचे एकाच तक्त्यात मिसळू नका, आणि 2017 नंतरची भरपाई स्वतःच्या करउत्पन्नात धरू नका.