शोग्रेन सिंड्रोम : डोळे-तोंड कोरडे पडणाऱ्यांचे अनुभव

सोलापुरात मार्च उलटला की सगळ्यांचाच घसा कोरडा पडतो. त्यामुळे शोग्रेनच्या रुग्णाचे खापरही उन्हावर फुटते आणि निदान लांबते. स्वतःचीच प्रतिकारशक्ती अश्रुग्रंथी व लाळग्रंथींवर उलटल्याने होणाऱ्या या आजाराचे सविस्तर वर्णन स्वीडिश नेत्रतज्ज्ञ हेन्रिक शोग्रेन यांनी १९३३ मध्ये केले. निदान कसे झाले आणि रोजचे कसे निभावते, ते आपण लिहावे. औषधांचे डोस मात्र कुणी सुचवू नयेत.

गृहिणी, जुळे सोलापूर
कडक भाकरीचा घास पाण्याच्या घोटाशिवाय उतरेना आणि शेंगाचटणी टाळ्याला चिकटून बसू लागली, तेव्हा घरच्यांनी ऊन बाधले म्हणून सब्जाचे पाणी सुरू केले. हिरड्यांलगत दात भराभर किडू लागले, तेव्हा दंतवैद्य बाईंनी, ‘डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते का?’ असे विचारले. पुढे नेत्रतज्ज्ञांनी खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी अडकवून पाच मिनिटे बसवले. ती पाच मिलिमीटरही भिजली नाही. रक्तातील अँटी-रो (या आजारात अनेकदा सापडणारे प्रतिपिंड) चाचणी निगेटिव्ह आल्यामुळे खालच्या ओठाच्या आतून लाळग्रंथींचा कण काढून तपासला आणि निदान पक्के झाले. ओठ शिवताना दुखले नाही. तिखट मात्र बरेच दिवस वर्ज्य होते.

मुलगी, अशोक चौक
आई यंत्रमागावर कांड्या भरत असे, म्हणून डोळ्यांची आग सुताच्या धुळीने होते असेच सगळे समजत. एका सकाळी तिचे पाय उचलेनात. पक्षाघात नव्हता, पोटॅशियम फार खाली गेले होते. मूत्रपिंडातून आम्ल नीट बाहेर न पडल्याने पोटॅशियम असे घटते आणि त्याचे मूळ शोग्रेनमध्ये असू शकते, हे आम्हाला तेव्हा कळले.

बँक कर्मचारी
दहा रुग्णांत साधारण नऊ स्त्रिया असतात, म्हणून माझ्या बाबतीत ही शंकाच कुणाला आली नाही. पायलोकार्पिन या औषधाने लाळ सुटते, पण घामही फुटतो, आणि सोलापूरच्या मे महिन्यात ते सोपे नाही!

शिक्षिका, होटगी रस्ता
अँटी-रो पॉझिटिव्ह असल्याने गरोदरपणात बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी पुन्हा पुन्हा झाली. अशा मातांपैकी शंभरात सुमारे दोघींच्या बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावू शकतात. माझे बाळ ठणठणीत आहे. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे औषध चालू आहे; ते दृष्टिपटलाला बाधू शकते, म्हणून मी ते तपासून घेते. कूलरचा झोत डोळ्यांवर न येता वर्गात उन्हाळा कसा काढावा, हे कुणी जमवले असल्यास अवश्य सांगावे.