इन्फ्लमेशन : सूज, दाह की शोथ?

प्रश्न : ओपन हार्ट शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांसाठी मराठीत माहितीपुस्तिका तयार होत आहे. तीत ‘इन्फ्लमेशन’साठी (इजा वा जंतू यांना शरीर देते ती संरक्षक प्रतिक्रिया) ‘सूज’ हा शब्द पुरेसा होईल का?

उत्तर : माझ्या मते नाही. सूज डोळ्यांना दिसते, हाताला लागते. बायपाससाठी ज्या पायातील शीर काढली, त्याच्या घोट्यावर संध्याकाळी बोट दाबल्यास खळगा उमटतो. तिथे ‘सूज’ हाच शब्द योग्य. परंतु शस्त्रक्रियेच्या वेळी हृदय व फुप्फुसांचे काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनच्या नळ्यांतून फिरताना रक्ताचा कृत्रिम पृष्ठभागाशी संबंध येतो, पांढऱ्या पेशी चेतवल्या जातात आणि शरीरभर जी प्रतिक्रिया उमटते, तिच्यात बाहेरून काही सुजलेले दिसेलच असे नाही. ‘दाह’ म्हटले तर वाचक जळजळ समजेल आणि पित्ताची गोळी शोधू लागेल. ‘शोथ’चा मूळ अर्थही सूजच असला, तरी संधिशोथ, यकृतशोथ यांमुळे तो परिभाषेत रुळला आहे, एकदा अर्थ सांगून तोच वापरावा.

दुसरे उत्तर : ‘शोथ’ मान्य, पण त्याच्या जागी ‘संसर्ग’ मुळीच येऊ देऊ नये. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रक्तातील सीआरपी (शोथ असताना वाढणारे प्रथिन) जंतूंचा संबंध नसतानाही बरेच वाढलेले असते, आणि अहवाल वाचून नातेवाईक ‘इन्फेक्शन झाले’ म्हणून घाबरतात. जखमेतून पू येणे, ताप चढणे, छातीचे हाड हलल्यासारखे वाटणे, ही मात्र लगेच डॉक्टरांना कळवण्याची लक्षणे आहेत.

प्रश्न : मसुद्यात ‘शोथ कमी केल्याने गुंतागुंत टळते’ असे वाक्य आहे. ते ठेवावे का?

उत्तर : ते इतके सरसकट ठेवू नये. हार्ट-लंग मशीनवर शस्त्रक्रिया झालेल्या 7,507 रुग्णांवरील ‘सिर्स’ चाचणीत (2015) मिथाइलप्रेडनिसोलोन हे शोथरोधक स्टेरॉइड देऊनही मृत्यूंचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले नाही. उलट, शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांनी वा आठवड्यांनी हृदयावरणाला येणाऱ्या शोथाचे प्रमाण कोल्चिसिन या दुसऱ्या शोथरोधक औषधामुळे कमी होते असे आढळले आहे, मात्र त्याने काहींना जुलाब होतात. श्वासाचे व्यायाम, खोकताना छातीशी उशी धरणे आणि रक्तातील साखर आटोक्यात ठेवणे या सूचना ‘शोथ कमी करण्यासाठी’ या मथळ्याखाली न देता ‘गुंतागुंत टाळण्यासाठी’ या मथळ्याखाली द्याव्यात.