तातडीने मदत हवी: निळा रंग जांभळा छापला जातोय

घाईत_आहे:
बोर्ड छापायच्या मोठ्या प्रिंटरवर गिऱ्हाइकाच्या लोगोतला निळा छापला की चक्क वांग्याचा रंग येतोय. स्क्रीनवर एकदम बरोबर दिसतो. तीनदा छापला, तीनदा फेकला. उद्या सकाळी बोर्ड लावायचाय. कुठलं सेटिंग बदलू तेवढं सांगा, लेक्चर नको.

जुना_रिपवाला:
शाई इको-सॉल्व्हंट की यूव्ही? फ्लेक्स की व्हिनाइल (स्टिकर)? रिपमध्ये (प्रिंटरला फाइल पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) प्रोफाइल, म्हणजे शाई आणि मटेरियलप्रमाणे रंग जुळवणारी फाइल, कुठलं? फाइल आरजीबी (स्क्रीनचे रंग) की सीएमवायके (छपाईच्या चार शाया)? यातलं काहीच न सांगता सेटिंग विचारताय!

नोझल:
आधी हेडचं (शाई फवारणाऱ्या भागाचं) क्लीनिंग करा. माझ्याकडे सायनची (आकाशी निळ्या शाईची) अर्धी नोझलं, म्हणजे हेडची छिद्रं, बंद होती, अगदी हेच झालं होतं.

घाईत_आहे:
नोझल चेक काढला, एकही रेघ तुटलेली नाही. इको-सॉल्व्हंट, व्हिनाइल. प्रोफाइल नेहमीचंच. फाइल कोरलड्रॉची, सीएमवायके, निळा सी (सायन) १०० टक्के, एम (मॅजेंटा, गडद गुलाबी) ८५ टक्के.

कोरलप्रेमी:
सॅच्युरेशन वाढवून टाका. पंधरा वर्षं मी तेच करतोय, प्रोफाइलच्या भानगडीत कधी पडलो नाही.

जुना_रिपवाला:
त्याने निळा होत नाही, शाई मात्र जास्त पडते. मग रोल गुंडाळला की चिकटतो. घाईत, सायन १००ला मॅजेंटा ८५ म्हणजे जांभळ्याच्या उंबरठ्यावरच उभे आहात. दोघांत निदान ३०चा फरक ठेवा. पण ही फाइल पूर्वी बरी छापली होती का?

घाईत_आहे:
हो ना! गेल्या महिन्यात हीच फाइल, हेच व्हिनाइल, झक्कास आलं होतं.

कटरवाली:
लॅमिनेशनखाली बुडबुडे येत असतील तर छापल्यावर किमान चोवीस तास वाळू द्या, सॉल्व्हंट उडून जाऊ दे.

घाईत_आहे:
ताई, बुडबुड्यांचं कोणी विचारलंय?

जुना_रिपवाला:
महिन्याभरात काय बदललं ते सांगा. हीटर? पास (हेडच्या फेऱ्या)? शाई?

घाईत_आहे:
शाई बदलली, दुसऱ्या कंपनीची. पण शाईचा संबंध नाही, पहिले दोन दिवस रंग बरोबर येत होता.

जुना_रिपवाला:
हे आत्ता सांगताय! अहो, कार्ट्रिज बदललं तरी नळ्यांत आणि डॅम्परमध्ये (हेडआधीच्या छोट्या कप्प्यात) जुनीच शाई असते. ती संपेपर्यंत छपाई जुन्या शाईची. आता खरी नवी शाई येतेय आणि प्रोफाइल जुन्या शाईचं. नव्या शाईला लिनिअरायझेशन (फिकट ते गडद छटा सारख्या टप्प्यांत आणणं), इंक लिमिट (जास्तीत जास्त किती शाई पडावी) आणि मग आयसीसी प्रोफाइल (रंग जुळवणारी फाइल), सगळं नव्याने करावं लागतं.

नोझल:
दुसरी शाई भरायचीच नाही, हेड जातं.

कोरलप्रेमी:
माझं नाही गेलं.

नोझल:
अजून नाही गेलं.

घाईत_आहे:
भांडण नंतर. प्रोफाइल करायचं मशीन माझ्याकडे नाही. उद्याचं काय?

जुना_रिपवाला:
एक पट्टी छापा. सायन १००, पिवळा आणि काळा शून्य, मॅजेंटा ४०पासून ८०पर्यंत पाच-पाचने वाढवत. नऊ चौकोन होतील, प्रत्येकाखाली आकडा टाका. त्याच व्हिनाइलवर, त्याच पासला. पूर्ण वाळू द्या, ओला रंग फसवतो. मग दिवसाउजेडी जुन्या प्रिंटशेजारी धरा, ट्यूबखाली नको. जुळेल त्याचा आकडा फाइलमध्ये भरा. एवढ्या एका निळ्याचं भागेल. फोटो आणि कातडीचा रंग याने सुधारणार नाहीत.

कोरलप्रेमी:
म्हणजे शेवटी फाइलमध्येच बदल. मी काय वेगळं सांगत होतो?

घाईत_आहे:
पट्टी काढली. आता उजेड नाही म्हणून खिडकीपाशी उभं राहून नुसतं बघतोय. आत्ता तरी ५५चा चौकोन जवळचा वाटतोय, ५० जरा थंड आहे. सकाळी सहाला परत बघतो आणि छापायला टाकतो. वरून लॅमिनेशन पण करायचंय, लगेच केलं तर चालेल ना?

कटरवाली:
वर जाऊन वाचा.